कमळमण्यांची माळ आणि दाराची कडी

फार वर्षांपूर्वी विसाजी तांबटाने लक्ष्मीमंत्राचा सव्वा लाख जप मांडला. जपात बोलायचं नाही, मधेच उठायचं नाही, म्हणून तो दाराला आतून कडी घालून बसे. हातातली कमळमण्यांची माळ ऐटीत म्हणे, "बघशील कडीबाई, या घरात लक्ष्मी आणणार ती मीच!"

पहिल्या दिवशी एक म्हातारी गळका हंडा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी लग्नघरची माणसं घंगाळं सांगायला आली. दोन्ही वेळा दार वाजलं, कडी खडखडली, पण विसाजी हलला नाही. माळ मात्र कडीवर खेकसली, "गप्प बस! जप मोडशील."

तिसऱ्या दिवशी माळेलाच राहवलं नाही. "एवढं बोलावलं, अजून आली कशी नाही गं?"

"दोनदा येऊन गेली," कडी म्हणाली. "तू तिला 'ये' म्हणत होतीस आणि मी 'जा'."

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. माळेने क्षणभर विचार केला आणि आपला दोरा आपणच तोडला.

मणी घरभर उधळले. ते वेचत वेचत विसाजी दाराशी पोचला. एक मणी फटीतून बाहेर गेला होता, म्हणून त्याने कडी काढली.

बाहेर तीच म्हातारी उभी होती. काखेत हंडा, तळहातावर मणी.

"तुझाच ना रे हा?" ती म्हणाली. "थेट माझ्या पायाशी आला."