न वाजलेली थाळी

वाळवंटातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. भर वाळूतल्या एका गावात एक अत्तराचा व्यापारी राहत होता. तिथे घासागणिक वाळू दाताखाली येई, आणि शेजारीपाजारी न विचारता थेट चुलीपर्यंत येत.

गावाची एक रीत होती. वाळूचं वादळ उठलं आणि घरचं माणूस बाहेर असलं, की दारात उभं राहून काशाची थाळी बडवायची. ती ऐकून शेजारी आपली थाळी वाजवी, मग त्याच्या पलीकडचा. वादळात दिशा हरवलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने घरी येई.

व्यापाऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला, तशी त्याची नजर डोंगराच्या पायथ्याकडे गेली. तिथे राज्यातली बडी माणसं राहत. आणि खोटं कशाला बोला, जागा होतीच तशी. संध्याकाळी डोंगर केशरी होई, उन्हाळ्यातही गार वारा सुटे, अंगणात डाळिंबं लगडत. कुणी कुणाच्या दारात डोकावत नसे. व्यापाऱ्याने तिथे हवेली बांधली आणि बायकोला व म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तो राहायला गेला.

वडिलांना हवा मानवली, पण करमेना. "इथं बोलायचं कुणाशी? डाळिंबांशी?" असं म्हणत ते दुपार कलली की काठी टेकत खाली गावात गप्पांना जात आणि अंधाराच्या आत परतत.

एके दिवशी त्यांच्या परतण्याच्या वेळेलाच वादळ उठलं. सून थाळी घेऊन धावत आली.

"अहो, वाजवा लवकर. मामंजी वाटेत असतील."

व्यापाऱ्याने थाळी घेतली, दार उघडलं. आजूबाजूच्या हवेल्या चिडीचूप होत्या. त्याचा हात तिथेच थांबला.

"लोक म्हणतील, कुठले खेडवळ इथे येऊन राहिलेत. बाबा गावातच थांबले असतील."

"आणि नसले तर?"

"जरा वाट पाहू."

बायकोने थाळी ओढली. त्याने ती सोडली नाही.

सकाळी वादळ शमलं, तेव्हा म्हातारबाबा सापडले. हवेलीच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर ते वाळूत पडले होते, आणि त्यांच्यात प्राण नव्हता.

भरजरी फेट्याचा शेजारी भेटायला आला.  तो म्हणाला, "मीसुद्धा वाळूतल्याच एका गावचा. बाबांना उतरताना मी पाहिलं होतं. काल थाळी हातात घेऊन मी दाराआड उभा होतो. तुमची वाजली असती, तर माझीही वाजली असती. वाटलं, या वस्तीला हे आवडत नसेल."

"वस्तीला म्हणजे कुणाला?" व्यापाऱ्याने विचारलं.

वस्ती म्हणजे तेच दोघे होते, आणि त्यांच्यासारखेच बाकीचे.

डोंगर पुढेही रोज केशरी होत राहिला. व्यापारी मात्र त्या वेळी दारं लावून आत बसू लागला. बायको त्याच्याशी बोले, पण कामापुरतंच.

म्हणून लहानांनो, आणि थोरांनोही, एवढं ध्यानात ठेवा: लोक काय म्हणतील म्हणून दाबलेली हाक आपल्याच माणसाचा घात करते.