ठकूआईची पाचवी थाप

हातात चार तांदूळ घ्या, पोरांना जवळ ओढा आणि ऐका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नसते, कारण हिच्यात अंड्यांवर बसलेली एक रानकोंबडी आहे.

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या खांद्यावर खडकोशी नावाचं गाव होतं. अजूनही आहे. गावाच्या वरच्या अंगाला रानजाई देवीची राई. तिथलं पान तोडायचं नाही, काटकी उचलायची नाही. तिथल्या रानकोंबड्या म्हणजे देवीची लेकरं. राईतला कोंबडा आरवला की गावातल्या बाया जात्यावर बसायच्या. घरच्या कोंबड्याला तो मान नव्हता.

मग लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला. पोटात आग पेटली की देवाची भीतीसुद्धा तिच्यात जळून जाते. माणसं राईत शिरली. आधी अंडी आणली, मग फासे लावून कोंबड्याही धरल्या. कोण कोण गेलं असं विचारू नका, सगळेच गेले. ठकूबाईही गेली. तिचा नवरा पोट भरायला घाट उतरला होता, तो परतला नव्हता, आणि घरात तीन तोंडं वासलेली होती.

चौथ्या वर्षी पाऊस आला, नाचणी पिकली, पण राई मुकी झाली. पहाट व्हायची, कोंबडा आरवायचा नाही. आणि त्याच हिवाळ्यात गावात गोवर शिरला. नऊ पाळणे रिकामे झाले, असं म्हणतात. ठकूबाईचे दोन्ही मुलगे गेले. उरली तीन वर्षांची चिमी. तिचा ताप उतरला, पण उतरताना वाचा घेऊन गेला. पायातलं बळही गेलं. आईच्या खांद्यावर मान टाकून ती नुसती बघत राहायची.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ठकूबाई अनवाणी राईच्या तोंडाशी गेली. पदर पसरून म्हणाली, "आये रानजाई, म्या तुझी लेकरं खाल्ली. आता राखीन. एक तरी कोंबडी पिल्लं घेऊन झऱ्यावर येऊ दे, आणि माझी चिमी माझ्या पदरात राहू दे."

नवस बोलला गेला. आता नवस म्हटला की पूजा आली, नैवेद्य आला. कसा करावा हे ठकूबाईला आईनं शिकवलं होतं तेवढंच ठाऊक. तिनं हुडकून हुडकून पाच घरटी शोधली. घरटं कसलं, पाचोळ्यात केलेला खळगा. एक करवंदीच्या जाळीत, एक बांबूच्या बेटात, बाकीची कारवीच्या झुडपांच्या बुडाशी. कोंबडी चरायला उठली की ठकूबाई जायची. घरट्याशेजारी धोंडा मांडायची, त्याला हळदकुंकू लावायची आणि दहीभाताचा मुटका ठेवून हात जोडायची. एका घरट्यापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे. रोज तीच वाट, रोज तीच वेळ. नेमात खंड नको.

पाचव्या दिवशी करवंदीच्या जाळीत नुसती टरफलं.

ठकूबाई रडली. आपलंच काही चुकलं म्हणून तिनं दुसऱ्या दिवसापासून एक वेळचं जेवण सोडलं आणि मुटका मोठा केला. आठव्या दिवशी बांबूच्या बेटातलं घरटं गेलं. तिनं उरलेल्या घरट्यांवरच्या कारवीला लाल दोरा बांधला. दहाव्या दिवशी तिसरं गेलं.

गावची सुईण गोदाक्का. जीभ तिखट, हात मऊ. पाणवठ्यावर तिनं विचारलं, "ठके, राखण करतीस का पंगत वाढतीस गं?"

"अक्का, नेम चुकला नाही माझा. एक दिवस नाही."

"तेच म्हणते. मुंगसाचा बी चुकला नसंल."

ते वाक्य काट्यासारखं रुतलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ठकूबाई घरी आली नाही. चिमीला पाठीशी बांधून ती अंजनीच्या झाडावर चढली आणि बघत बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुंगूस आलं. नाक जमिनीला लावून, रमतगमत, जसं काही माहेरच्या वाटेनं. ती वाट ठकूबाईची होती. जिथं तिचं पाऊल पडलं होतं तिथं त्याचं नाक. धोंड्यापाशी थांबलं, दहीभात चाटला, आणि मग शेजारच्या चौथ्या घरट्यात तोंड घातलं. ती ओरडली, पण झाडावरून उतरेपर्यंत कोंबडी फडफडत, किंचाळत लांब गेली होती आणि अंड्यांचा पिवळा बलक कुंकवाच्या धोंड्यावर ओघळत होता.

दुष्काळात खाल्ली ती भुकेनं खाल्ली. ही मात्र तिनं हात जोडून खायला दिली होती.

आता एकच घरटं उरलं. नेम मोडावा तर देवी कोपणार आणि चिमी जाणार. नेम पाळावा तर पाचवं घरटं जाणार. बायांनो, अशा वेळी काय करावं हे कुठल्या पोथीत नाही. ठकूबाईनं बराच वेळ चिमीच्या केसांत बोटं फिरवली. मग राईकडे बघून म्हणाली, "आये, आता माझ्यासाठी काही मागत नाही. या कोंबडीचं घरटं तेवढं राहू दे."

तिनं लाल दोरा तोडला, धोंडा उचलला, मागं सरकत सरकत करवंदीच्या डहाळीनं आपली पावलं पुसली. दहीभाताचा मुटका रोज पल्याडच्या उघड्या माळावर नेऊन टाकू लागली, म्हणजे मुंगसानं तिकडं जावं. आणि उरलेला सगळा दिवस ती राईच्या तोंडाशी बसू लागली. राईकडे पाठ करून. बघितलं की जावंसं वाटतं, म्हणून बघायचंच नाही.

बाया म्हणाल्या, "नवस मोडला हिनं. देवीला पाठ दाखवते!" गोदाक्का तेवढी रोज पेजेचं मडकं ठेवून जायची.

असं म्हणतात, त्या दिवसांत ठकूबाईचं पाऊल ओल्या मातीतही उमटेनासं झालं. असं म्हणतात, तिच्या पाठीमागं कारवी अशी दाटली की वाऱ्यालासुद्धा आत शिरायला वाट मिळेना. चिमी तिच्या खांद्यावर असायची. आईचं तोंड गावाकडे, लेकीचं राईकडे. लेक दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. आईला ते खांद्यावर कळत होतं.

अशी पाठ करून बसल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मागं पाचोळा वाजला. अगदी हलका, मग पुन्हा. चिमीची मान किंचित उचलली गेली.

"आये," ती म्हणाली. इतक्या महिन्यांनी. "आये, पिल्लं."

ठकूबाईनं मान वळवली नाही. "किती गं माझ्या बाये?"

चिमीला अजून आकडे येत नव्हते. तिनं आईच्या पाठीवर बोट टेकवलं. एक. मग एक. मग एक. मग आणखी एक.

ठकूबाई पाचव्याची वाट बघत राहिली.

ऊन चढल्यावर गोदाक्का पेज घेऊन आली, तेव्हा झऱ्यावर रानकोंबडी पाणी पीत होती आणि तिच्या पायांशी पाच पिल्लं होती. पाच. गोदाक्कानं दोनदा मोजली. ठकूबाई होती तशीच बसली होती, "पाठीवर चारच बोटं टेकली गं अक्का," एवढंच म्हणत, आणि खांद्यावरचं लेकरू गार झालं होतं.

"ठके, पाच हायती गं," गोदाक्का हळूच म्हणाली आणि तिनं तिच्या पाठीवर पाचवी थाप दिली. तेव्हा कुठं ठकूबाईला रडू फुटलं.

पुढं ती तिथून हललीच नाही, असं म्हणतात. पावसाळा आला, तिच्या अंगावर शेवाळ चढलं, आणि श्रावणात बाया गेल्या तेव्हा तिथं पाठमोरा दगड होता, खांद्याशी उंचवटा असलेला. पण त्या सालापासून खडकोशीत गोवरानं पाळणा रिकामा झाला नाही, आणि पुढच्या माघात राईतला कोंबडा पुन्हा आरवला.

आजही होळीपासून मृगापर्यंत त्या राईत कोणी पाऊल टाकत नाही. फूलसुद्धा वाहत नाहीत. नैवेद्य पल्याडच्या माळावर जातो. आणि गावात मूल सव्वा महिन्याचं झालं की आई त्याला घेऊन ठकूआईच्या दगडाशेजारी उभी राहते, राईकडे पाठ करून. लेकरू खांद्यावरून रान बघतं. आईनं वळायचं नसतं. गावातली सर्वांत म्हातारी बाई तिच्या पाठीवर चार वेळा बोट टेकवते आणि थांबते. मग जमलेल्या साऱ्या बाया पुढं होतात आणि पाचवी थाप सगळ्या मिळून देतात.