पाणबुडीचा तोल

“दिसायला चांगली आहे हो, पण उजवीकडे झुकते. आणण्याआधीच बघून घ्यायला हवं होतं.”

खेळणी आपापसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. रिमोटवर चालणारी नवी पाणबुडी हौदाच्या तळाशी गेली होती आणि वर आगबोट-आत्याबाई टगबोट-मामांना हे हळूच सांगत होत्या. पाण्यात आवाज किती लांबवर जातो, हे बिचाऱ्यांना ठाऊक नसावं.

आत्याबाईंच्या डाव्या कप्प्यात कित्येक वर्षांपासून पाणी शिरलेलं होतं. मामा त्यांना ओढायला दोरीने बांधलेले, म्हणून तेही डावीकडेच कललेले. त्या हौदात यालाच सरळ म्हणत.

पाणबुडी वर येताच तिच्या डाव्या बाजूला मोठ्या मायेने शिशाची एक गोळी चिकटवण्यात आली. “अजून थोडं,” मामा म्हणाले. दुसरी चिकटली. तिसरीनंतर पाणबुडी त्यांच्याइतकीच तिरकी झाली आणि दोघांनाही ती पहिल्यांदाच देखणी वाटली. फक्त आता बुडी मारल्यावर वर येताना तिला धाप लागू लागली. आणखी एक गोळी लागली असती, तर ती तळाशीच राहिली असती.

“ही एक शेवटची हं, नुसती शोभेला,” आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हा पाणबुडी तोंड उघडून म्हणाली, “आत्याबाई, ती तुम्हीच लावून घ्या, उजव्या बाजूला. हव्या तर माझ्या तिन्ही देते. मी पाणबुडी आहे, मला बुडायला लागतंच. पण परत वरही यावं लागतं.”