पाटाचा मान

त्या राज्यात बोलणे तोंडातून निघाले की पायी चालत जाई. या घरापासून त्या घरापर्यंत पांढरेशुभ्र माळरान पसरलेले होते. ते ओलांडून अक्षरांची रांग निघे आणि ऐकणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राही. प्रजा सगळी अक्षरांचीच. दोन-चार अक्षरे मिळून एक घर होई आणि प्रत्येक घराला आपापला अर्थ असे.

रांगेचा रिवाज जुना होता. सर्वांत पुढच्या अक्षराच्या पायाखाली पाट मांडायचा, म्हणजे बोलणे कुठून सुरू झाले ते लांबून दिसावे. माणूस असो, गाव असो, नदी असो की देव, ज्याला स्वतःचे नाव आहे त्याच्या पहिल्या अक्षरालाही पाट मिळे, मग ते रांगेत कुठेही उभे असो. बाकीची मंडळी जमिनीवर उभी राहत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मधे दम खायचा तिथे वळणी नावाची बाई असे, किंचित वाकलेली, पदर खाली सोडलेली. शेवटी बसत टिंबाकाकू. एवढ्याशा, वाटोळ्या. पण त्या बसल्या की बोलणे पुरे झाले, व्रताचे उद्यापन व्हावे तसे. त्या बसेपर्यंत पुढच्या रांगेचा पाट कुणी मांडत नसे.

एकाक्काची गोष्ट मात्र वेगळी होती. ती सडसडीत, ताठ, एकटी. इतरांना अर्थ सांगायला भरलेले घर लागे. ही एकटी उभी राहिली तरी तिचा अर्थ "मी" असा होई. आणि रिवाजाने तिला कायमचा पाट दिला होता. रांगेत पुढे असो की मधे, एकाक्का पाटावरच.

शेजारणी म्हणत, "देवाला पाट, गंगेला पाट, अन् आमच्या एकाक्कालाही पाट! नैवेद्य कधी दाखवायचा गं तुला?"

एकाक्का हसे. खरे तर तिला ते आवडे. पाट ती रोज घासून, पुसून लख्ख ठेवी. तो आपल्याला का दिला असेल, हे मात्र तिने कधी मनाला विचारले नाही.

माळरानाच्या वरच्या अंगाला अनसूया राहत असे, खालच्या अंगाला तिची धाकटी बहीण द्वारका. द्वारकेने मूल व्हावे म्हणून सोमवारांचे व्रत धरले होते. मोठ्या निष्ठेने पुरे केले. उद्यापनाला सवाष्णी जेवायला बसल्या, द्वारका पंगतीत तूप वाढत होती, आणि अनसूया सगळ्यांदेखत बोलून गेली, "घरात पाळणा हलेना म्हणून देवाला लाच! देव असा फसतो होय गं?"

काहीजणी हसल्या. द्वारकेने तुपाची वाटी खाली ठेवली नाही. शेवटच्या पानापर्यंत वाढत गेली. सवाष्णींच्या ओट्या भरल्या. मग दाराला आतून कडी घातली, ती वरच्या घरासाठी पुन्हा उघडलीच नाही.

पुढे श्रावण आला. अनसूयेला पुरण वाटताना बहीण आठवू लागली. शेवटी तिने माफीचे बोलणे पाठवायचे ठरवले. रांगेला बोलावणे आले. बोलण्यात "मी" पुष्कळ होती. मी थोरली, मी सहज बोलले, मी तरी माफी मागते. एकाक्काला पाट उचलून सारखे पुढे पळावे लागणार होते. तिची मान आणखीच ताठ झाली.

"मोठ्या घरचा निरोप आहे," ती म्हणाली, "आज एका पाटाने भागायचं नाही." तिने पाटावर पाट ठेवला.

मग काय! जमिनीवरच्यांच्याही मनात आले, आपणच का खाली? "हिला दोन, तर आम्हाला एक तरी हवा." घरोघरचे पाट बाहेर आले. ज्यांना पाट मिळाले नाहीत त्यांनी पोळपाट आणले. एकाने तर उखळ पालथे घातले. वळणीला कुणी जागा देईना.

"तू वाकतेस, आमची उंची बिघडते," एक अक्षर म्हणाले. "घरी जा."

टिंबाकाकू काठाकाठाने येत होत्या. त्यांच्या जागेवर ओरडून बोलणे संपवणारे उद्गारराव आपल्या भावंडांना घेऊन आधीच उभे होते, छाती काढून. "काकू, तुम्ही आज आराम करा. आम्ही दणक्यात करतो शेवट!"

ती रांग द्वारकेच्या दारात पोहोचली. सगळेच उंच. द्वारकेचे नावही त्यात होते, पण सगळ्यांच्या पायांखाली पाट असताना ते ओळखू कसे यावे? आत द्वारकेला ऐकू आला तो नुसता ओरडा. कुठे दम नाही, कुठे शेवट नाही. भर पंगतीतला तोच आवाज जणू पुन्हा दारात आला होता. तिने कानांवर हात ठेवले आणि कडीच्या जोडीला अडसरही घातला.

अडसर पडल्याचा आवाज एकाक्काने पाटावरून ऐकला.

रांग माघारी वळली. पोळपाट काखोटीला मारून जो तो मान खाली घालून चालला होता. वरच्या घरात अनसूया उंबऱ्यावर बसली होती. तिने रांगेकडे पाहिले, मग पदर तोंडावर ओढून घेतला. एकाक्काला कळून चुकले. सुरुवात आपण केली. इतरांनी आपल्याकडे पाहून केले. तिने घरी जाऊन पाट भिंतीकडे तोंड करून उभा केला. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली, "एकाक्का, आहेस का गं?" तर तिच्याने ओ देववेना.

मग ती टिंबाकाकूंकडे गेली. काकू तुळशीपुढे रांगोळीचे ठिपके घालत होत्या.

"काकू, पाट मी सोडला. पुढच्या खेपेला मला कुठेतरी गर्दीत उभी करा. जमिनीवर."

"का गं?"

"लाज वाटते. कुणाला दिसू नये असं वाटतं."

काकूंनी ठिपका टेकवला, बोट पुसले. "आणि द्वारकेनं विचारलं, चुकलं कोण, तर गर्दीत कुणाकडे बोट दाखवायचं आम्ही?"

एकाक्काने रांगोळीतल्या त्या एकट्या ठिपक्याकडे पाहिले. घरी आली, पाट सरळ केला. त्या दिवशी मात्र तो घासला नाही.

अनसूयेने पुन्हा बोलावणे धाडले ते उपासाच्या दिवशी, देवापुढे दिवा लावून. बोलणे लहान होते. सर्वांत पुढे द्वारकेचे नाव. त्या नावाचे पहिले अक्षर पाटावर चढायला संकोचत होते. एकाक्काने स्वतः वाकून पाट मांडला, हात दिला. नावामागे वळणीला आणून उभे केले. "घाई करू नकोस हं, वळणे. तिला ऐकून घेऊ दे." वळणीमागे एकाक्का, आपल्या एकाच पाटावर. तिच्यामागे "चुकले"च्या घरची मंडळी, जमिनीवर.

त्यांच्यामागे "पण"च्या घरचे लोक जरीचे कपडे घालून तयार होते. माफीच्या मागे जायचे म्हणजे त्यांचा ठरलेला मानच. त्यांच्याही मागे खूप घरे उभी होती: "सहज", "रागाच्या भरात", "तूही तेव्हा".

"चला काकू, सरका जरा मागे," "पण"च्या घरचा म्हातारा म्हणाला. "आमच्याशिवाय कधी भागलंय?"

काकू "चुकले"च्या पाठीपासून सरकल्या नाहीत.

रांग दारात पोहोचली. द्वारकेने झरोक्यातून पाहिले. ओरडा नव्हता. खाली माना घातलेल्या रांगेत दोनच अक्षरे उंच दिसत होती: पुढे तिच्या स्वतःच्या नावाचे पहिले, आणि थोडे थांबून, त्यामागे, एकटी एकाक्का. एकाक्काचे कान तापले होते. खाली उतरावे, कुणाच्या तरी आड व्हावे, असे तिला फार वाटले. पाटावर आड काहीच नव्हते. द्वारका तिच्याचकडे पाहत होती. एकाक्का पाहू देत राहिली.

"चुकले"चे शेवटचे अक्षर येऊन उभे राहिले. त्याच्यालगत टिंबाकाकू आल्या, पदर सावरला आणि खाली बसल्या.

मागे "पण"च्या घरचे लोक वरच्या घराशीच जागच्या जागी उभे राहिले होते.

द्वारका झरोक्याशी थांबली. आता मागून आणखी काय येते, म्हणून तिने काकूंच्या पलीकडे नजर लावली. पलीकडे पांढरे माळरान होते, स्वच्छ, रिकामे. ती वाट पाहत राहिली. काहीच आले नाही.

मग तिने आतला अडसर काढून भिंतीला टेकवला आणि कडीला हात घातला.