तिसऱ्या कामाची घागर

एका राज्यात शपथा फार गाजत आणि फार लवकर विझत. पाडवा आला की राजा अग्रसेन सिंहासनासमोर उभा राहून नवे व्रत घेई, नगारे झडत, प्रजा जयजयकार करी. पुढे एखादा दिवस चुकला की राजगुरू म्हणत, "खंड पडला. व्रत बाटले. आता पुढल्या पाडव्याला." मग सगळे निवांत.

गडावरच्या राजवाड्यात एका मेलेल्या मांत्रिकाचा खजिना होता. थोरल्या महाराजांनी तो लुटून आणला, तेव्हापासून दर पिढीत घरातले एक लेकरू शिळा होई. पूर्वी राजाची धाकटी बहीण शिळा झाली होती. यंदा राजपुत्र कुशांक झाला, हातात भोवरा तसाच.

त्याची थोरली बहीण उल्का गुरुकुल सोडून आलेली, तोंडाने फटकळ. ती थेट खजिन्यावरच्या राखणदार भारद्वाज पक्ष्याकडे गेली.

"शाप कसा उतरेल?"

"कामे तीन," पक्षी म्हणाला. "नागाचा मणी आण. वाऱ्याच्या डोंगराची किल्ली आण. आणि रोज सकाळी नदीचे पाणी स्वतः वाहून शिळेवर ओत, जीव येईपर्यंत."

"आबासाहेबांनी आत्याबाईंसाठी काय केलं?"

"पहिली दोन पुरी केली, तिसरे अर्ध्यावर सोडले. पहिल्या दोन पराक्रमांचे पुतळे चौकात आहेत."

उल्का निघाली. नाग जांभई देत होता, तिने मणी उचलला. डोंगर पाठ फिरवून बसला होता, तिने हाक मारून त्याला वळवला आणि कानातली किल्ली काढून घेतली.

तिसऱ्या कामाच्या पहिल्या सकाळी वाटेवर फुले पडली. राजगुरूंनी उत्साहाचे लेह्य चाटवले. ती धावत गड चढली. थोड्याच दिवसांत फुले थांबली, लेह्याचा असर उतरला, शिळा जशीच्या तशी. मग ती रागाच्या भरात गड चढू लागली. म्हाताऱ्यांना दाखवतेच! पण पोटऱ्यांना रागाशी काय देणेघेणे? तोही ओसरला.

तेव्हा तिने जोर आणणे सोडले. घागर धाकटी घेतली. तोंड धुवायला ती नदीवर जातच असे, त्याच वाटेवर घागर ठेवली. पाणी ओतताना ती भावाशी बोले. "कुशा, काल राजगुरू सभेत घोरले. मंत्र समजून लोकांनी हात जोडले!" हळूहळू शिळेचे एक नख गुलाबी झाले.

आणि उल्का तापाने पडली. एक सकाळ चुकली. नख पुन्हा राखी झाले.

राजगुरू आले, मागे राजा. "खंड पडला, कन्ये. आता पुढल्या पाडव्याला."

"तोवर त्याने दगड होऊन बसायचं?"

"रीत आहे."

"पळवाट आहे, गुरुजी. आबासाहेब, आत्याबाई चुकलेल्या सकाळमुळे दगड राहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, म्हणून राहिल्या."

उल्का उठली. अर्धीच घागर भरली, बसत, उठत गड चढली आणि शिळेवर रिकामी केली.

शिळा तडकली.

"ताई, गार आहे गं पाणी!" कुशांक ओरडला.

खजिन्याची वाळू झाली. "मांत्रिकाला ठाऊक होते," भारद्वाज म्हणाला, "या घराण्यात खंडानंतर कोणी परतत नाही. शाप त्यावरच उभा होता." आणि तो उडून गेला. नवे लेकरू आता शिळा होणार नव्हते. आत्याबाईंच्या जुन्या शिळेला मात्र पाणी हवेच होते.

दुसऱ्या सकाळी नदीवर राजा उभा होता. मुकुट नाही, नगारे नाहीत, घागर तिरकी धरलेली.

"उल्के, एखादी सकाळ चुकली तर?"

"तर पुढच्या सकाळी या."

काही सकाळी चुकल्या. राजा पुन्हा पुन्हा आला. पाडवा उजाडण्याआधीच एके दिवशी आत्याबाईंनी डोळे उघडले, समोरच्या पिकल्या मिशांकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या,

"दादा, केवढा उशीर केलास!"