अडणारा हंस

बालमित्रांनो, आणि त्यांच्या मागे बसून ऐकणाऱ्या थोरामोठ्यांनो, फार फार पूर्वी, नदीकाठच्या एका राज्यात तांबटांची वस्ती होती. तेथे दिवस उजाडे तो हातोड्यांच्या आवाजाने.

त्या वस्तीत एक वृद्ध तांबट मुलांना यंत्रविद्या शिकवीत असत. मुले त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या शाळेत पाठांतर नव्हते. मुलांनी तांब्याचा पत्रा तापवावा, ठोकावा, कात्रीने कापावा, कानशीने घासून चाकाला दाते पाडावेत आणि अशी दोन चाके एकमेकांत गुंतवून त्यांतून काहीतरी हलते करावे, एवढाच तेथील अभ्यास. खेळण्याची मूठ फिरवली की कोणाचा मोर पिसारा उघडी, तर कोणाचा हत्ती सोंड उचली.

वस्तीची एक रीत होती. वसंत पंचमीला प्रत्येक मुलाने आपले खेळणे सर्वांसमोर चालवून दाखवायचे. ज्याचे चालेल, त्याला स्वतःची हातोडी मिळे आणि मोठ्यांच्या शेजारी ऐरणीवर बसण्याचा मान मिळे. ज्याचे अडेल, त्याने आणखी एक वर्ष शिकायचे.

तात्यांच्या शाळेत मात्र कोणाचेच कधी अडत नसे. लोक त्यांना वाखाणीत. खरे कारण फक्त त्यांच्या पत्नीला, माईंना, ठाऊक होते. पंचमीच्या आदल्या दिवशी मुले जेवायला घरी गेली, की तात्या एकेक खेळणे उघडीत आणि त्यातील चूक गुपचूप काढून टाकीत.

"अहो, परीक्षा मुलांची आहे की तुमची?" माई विचारीत.

"लहान आहेत गं. रडवेली तोंडं बघवत नाहीत मला," तात्या म्हणत आणि कानस चालवीत राहत.

त्या वर्षी भिवरा नावाच्या मुलीने हंस घडवला होता. मूठ फिरवली की हंसाने मान वाकवून वाटीतल्या पाण्याला चोच लावावी, अशी त्याची रचना होती. पण मान अर्ध्यावर येऊन अडे. दर फेरीला ती एकाच ठिकाणी अडते, एवढे भिवरेने हेरले होते. का अडते, ते मात्र तिला उमगले नव्हते. हातोडीसाठी तिचा जीव आसुसला होता. तरी आपला हंस उद्या अडणार, हे मनाशी धरूनच ती आदल्या दिवशी घरी गेली.

पंचमीला तिची पाळी आली. तिने मूठ फिरवली. हंसाची मान सरसर खाली आली, चोच पाण्याला लागली आणि मान पुन्हा वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी हातोडी पुढे केली.

भिवरेने हात पुढे केला नाही. ती मूठ फिरवीतच राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"अगं, घे की! चालला म्हणून कोणी रडतं का?" गर्दीतली एक बाई हसून म्हणाली.

"तात्या, हा अडायला हवा होता," भिवरा म्हणाली. "कुठं अडतो ते मला कळलं होतं. का अडतो ते शोधायचं राहिलं होतं. तुम्ही याला हात लावलात का?"

तात्यांना नाही म्हणता आले असते. पण मुलीने सरळ डोळ्यांत पाहून विचारले होते.

"लावला, बाळ. तुझं चाक काढून मी माझं बसवलं."

"आणि माझ्या हत्तीचं?" शेजारच्या मुलाने विचारले. तात्यांनी मान खाली घातली. मुलाने नुकतीच मिळालेली हातोडी हळूच जमिनीवर ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली, तिसऱ्याने ठेवली.

एक तरुण तांबट पुढे आला. तोही तात्यांचाच शिष्य होता. "तात्या, म्हणूनच का हो, जरा काही अडलं की आम्ही अजून तुमच्या दारात धावत येतो?"

भिवरेने डोळे पुसले.

"माझी चूक मला परत द्या."

"ती मी वितळवून टाकली गं."

"मग पुन्हा करा."

तात्या ऐरणीवर बसले. उभ्या हयातीत त्यांनी वाईट काम मुद्दाम केले नव्हते. हात ऐकेना. सर्वांकडे पाठ करून, कसेबसे त्यांनी एक चाक बिघडवले व हंसात बसवले. भिवरेने मूठ फिरवून पाहिली.

"माझा याहून जास्त अडत होता," ती म्हणाली.

वस्ती खळखळून हसली, तात्याही हसले. त्यांनी दुसरे चाक केले, आणि हंस पूर्वीसारखा अडला.

मग साऱ्या मुलांनी आपापली खेळणी उघडली. तात्यांचे हात शिवशिवू लागले. तेव्हा माईंनी भिजवलेल्या वालांचे पातेले त्यांच्यापुढे ठेवले.

"हे सोला. आणि तिकडं बघायचं नाही."

भिवरेने मोठे चाक सुटे करून आसावर एकटेच फिरवले व त्याच्या कडेला नख धरले. चाक कधी नखाला घासे, कधी नखापासून लांब जाई.

"चाक गोल आहे, पण भोक मध्यावर नाही!" ती ओरडली.

तात्यांच्या हातातला वाल तसाच राहिला. पण ते उठले नाहीत.

भिवरेने भोक तांब्याने बुजवले, मध्य शोधून खूण केली आणि नवे भोक पाडले. ऊन कलले तेव्हा हंसाने पाण्याला चोच लावली. मान किंचित थरथरत होती. तात्यांच्या चाकासारखी सफाई तिला नव्हती. या वेळी भिवरेने दोन्ही हातांनी हातोडी घेतली.

हत्तीला त्या वर्षी सोंड उचलता आली नाही. ती त्याने पुढच्या पंचमीला उचलली, आणि त्याची सोंड का अडली होती हे तो मुलगा ज्याला त्याला थांबवून सांगत सुटला. तेव्हापासून त्या वस्तीत काही अडले, की तांबट तात्यांचे दार ठोठावण्याआधी चाक सुटे करून पाहू लागले.

तात्पर्य: मुलांची चूक आपण काढून टाकली, तर तिच्याबरोबर त्यांची विद्याही काढून घेतली जाते.