रिकाम्या हातांची रांग

“मग माझं जाळं खोटं बोलतं, असं म्हणायचं आहे का तुम्हाला, बुवा?” हेरंबाने विचारले.

निरंजनबुवांनी धुनीतील राख सारखी केली. मठात येण्यापूर्वी तीस वर्षे ते टेलिफोन केंद्रात होते; तारा जोडण्याची विद्या हेरंबाला त्यांनीच दिली होती.

“शंभरांतले नव्व्याण्णव तुकडे पोहोचतात,” हेरंब म्हणाला. “यंत्रावरचा एकही दिवा विझत नाही.”

“आणि चित्रं?”

हेरंबाने घड्याळाकडे पाहिले.

तीन शहरांतील रुग्णालये त्याने संगणकांच्या एका जाळ्यात गुंफली होती. ते जाळे प्रत्येक चित्राचे एकाच मापाचे बारीक तुकडे करी आणि पलीकडच्या टोकाशी ते पुन्हा जोडी. एका बाईच्या मेंदूचे चित्र सकाळीच निघाले होते. चार वाजता तिचे डोके उघडायचे होते. डॉक्टर पडद्यासमोर बसून होते... पडदा कोराच होता.

“माझ्या दारातून मी कुणाला परत पाठवत नाही,” हेरंब ताठ्याने म्हणाला. “येईल त्याला आत घेतो.”

“मोठा दाता लागून गेलास! चार रंगांचे कागद घे. चार चिठ्ठ्या लिही. प्रत्येकीचे वीस तुकडे कर.”

ओसरीवर सात मौनी साधक डोळे मिटून ओळीने बसले होते. हाती आलेली वस्तू शेजाऱ्याकडे द्यायची, ती काय आहे हे पाहायचे नाही, असा मठाचा रिवाज होता. बुवांनी हेरंबाला रांगेच्या शेवटी उभे केले आणि चारही चिठ्ठ्यांचे तुकडे एकदमच पहिल्या साधकाच्या हाती सोडले.

हात भराभर हलू लागले. ओंजळी भरल्या. मधल्या साधकाच्या बोटांतून एक पिवळा तुकडा निसटला, ओसरीखालच्या पन्हळीत पडला... वाहून गेला. मग एक निळा. एक तांबडा. एक पांढरा.

“चारही बाद,” हेरंब म्हणाला. “एक तुकडा नसला, तरी माझं यंत्र अख्खं चित्र टाकून देतं आणि पुन्हा मागवतं.”

“मग थांबव त्यांना.”

“अहो, थांबा! संपल्या त्या चिठ्ठ्या!”

एकही डोळा उघडला नाही. मेलेल्या चिठ्ठ्यांचे तुकडे हातांवरून हातांवर येतच राहिले. सातही चेहरे शांत होते.

“हे कोणाला वाहून आणताहेत, बुवा?”

“सकाळपासून तू कोणाला आणतो आहेस?”

बुवांनी सारे तुकडे धुनीत टाकले. चार नव्या चिठ्ठ्या लिहवून घेतल्या. तीन तशाच, न फाडता, आपल्या आसनाखाली सारल्या. चौथी फाडून रांगेत सोडली.

वीसही तुकडे आले.

“पण अडवून ठेवलेल्या त्या तिघींचा दोष काय?”

“काही नाही.”

साडेतीन वाजले होते. हेरंबाने धावत जाऊन मठाच्या फोनवरून आपल्या मदतनिसाला गाठले.

“जाळं तुंबू लागलं, की नवं चित्र तुकडे होण्याआधीच दाराशी अडवा. अख्खं! ...हो, रुग्णालयाच्या संचालकांचं असलं तरी! त्या बाईचं तेवढं आत सोडा.”

दहा मिनिटांनी फोन वाजला; मदतनीसच होता.

“आलं, साहेब! पडद्यावर आलं!”

हेरंब पाया पडण्यासाठी ओसरीवर आला आणि जागीच थबकला.

रांगेत कागदाचा कपटाही उरला नव्हता. तरीही सातही साधकांचे हात हलत होते... एका लयीत, अलगद, काही सांडू नये असे. शेवटच्या साधकाने मिटल्या डोळ्यांनी रिकामी ओंजळ त्याच्यापुढे धरली.

“बुवा... आता हे काय देताहेत?”

बुवांनी धुनीतील राखेकडे पाहिले.

“तुझी पहिली चिठ्ठी, मी मघाशी जाळली ती. हात पुढे कर.”